पार्किन्सन्सच्या गोळ्या, डोपामिन आणि अचानक लागलेला ऑप्शन्सचा नाद

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीपाशी थांबले.

तुम्ही लिहिलंय ते असं. सासरे 64 वर्षांचे, पोस्टातून निवृत्त. आयुष्यभर आवर्ती ठेव आणि एनएससी (पोस्टाची बचत प्रमाणपत्रं) यापलीकडे पैसा कुठे लावला नाही, लॉटरीचं तिकीटसुद्धा कधी घेतलं नाही. तोच माणूस गेल्या दीड वर्षात मोबाइलवर ऑप्शन्स (शेअर बाजार ठरावीक तारखेपर्यंत वर जाईल की खाली यावर लावायचे सौदे) खेळून निवृत्तीच्या पैशातले साडेनऊ लाख घालवून बसलाय. रात्री एक-दोनला उठून गिफ्ट निफ्टी, म्हणजे रात्रीही हलणारा बाजाराचा आकडा, बघतात, विचारलं की चिडतात, दोन दिवस गप्प बसतात आणि पुन्हा पैसे काढतात. घरातले म्हणतात, म्हातारचळ लागलाय. तुमच्या कानावर आलं की हे डोपामिनचं काम आहे, म्हणून तुम्ही विचारलंत की रक्तातलं डोपामिन तपासता येतं का, आणि मोबाइल काढून घेऊन ‘डोपामिन डिटॉक्स’ केला तर हे उतरेल का. मग जाता जाता एक ओळ लिहिलीत: सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत, दोन वर्षांपूर्वी एक गोळी वाढवली तेव्हापासून हातपाय बरेच मोकळे झालेत.

माझ्या अंदाजानं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या ओळीत आहे. मी त्यांना तपासलेलं नाही, ती गोळी कोणती तेही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून ‘अंदाजानं’ म्हणते. पण पार्किन्सन्सच्या रुग्णांसोबत माझी सव्वीस वर्षं गेली आहेत आणि ही कहाणी मी इतक्या घरांतून ऐकली आहे की न बोलणं बरोबर होणार नाही.

पुढचं वाचायच्या आधी एक विनंती. गोळीवर संशय आला म्हणून ती आज रात्रीपासून बंद करू नका. पार्किन्सन्सची औषधं एकाएकी थांबवली तर अंग लाकडासारखं ताठतं, ताप चढतो, गिळता येत नाही आणि रुग्णाला आयसीयूत न्यावं लागतं. कमी करायची झाली तरी ती पायरीपायरीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची.

आता डोपामिनबद्दल. ‘डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन’ हे वाक्य आता शाळेतली मुलंही बोलतात, आणि त्या एका वाक्यामुळे तुमच्यासारख्या घरांचं फार नुकसान होतं. सुखाचं रसायन म्हटलं की वाटतं, माणूस मजा मारतोय. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, गोडी आणि ओढ. डोपामिनचा संबंध मुख्यतः ओढीशी आहे. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांवर काम केलं. मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेल्या उंदराच्या जिभेवर साखरेचं पाणी टाकलं तर तो पूर्वीसारखाच ओठ चाटतो. गोडी शाबूत असते. पण चार पावलांवर ठेवलेल्या अन्नाकडे तो स्वतःहून जात नाही, भरवलं नाही तर उपाशी मरतो. त्याची ओढ गेलेली असते.

याच्या उलट टोक मी ओपीडीत बघते. सट्ट्याच्या नादी लागलेल्या पार्किन्सन्सच्या रुग्णाला मी विचारते, “मजा येते का हो?” बहुतेक जण मान हलवून नाही म्हणतात. एक गृहस्थ म्हणाले होते, “मजा कसली मॅडम, पण हात राहत नाही.” गोडी नाही आणि ओढ मात्र प्रचंड, अशी ती अवस्था असते. तुम्ही सासऱ्यांना हा प्रश्न शांतपणे विचारून बघा. उत्तर काय येतं यावरून बरंच कळेल.

डोपामिनचं दुसरं काम आडाखे बांधण्याचं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे ठोके मोजले. माकडाला अचानक फळाचा रस दिला की पेशी जोरात चेतायच्या. रसाच्या आधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली तेव्हा काही दिवसांनी पेशी दिव्यालाच चेतू लागल्या, प्रत्यक्ष रस आला तेव्हा त्यांना त्याचं काहीच वाटेना. आणि दिवा लागला पण रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींचे ठोके नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचे. म्हणजे या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर वर, कमी मिळालं तर खाली. 1997 साली हे काम गणिती मांडणीसह प्रसिद्ध झालं आणि आमच्या शास्त्राची भाषाच बदलली.

2003 साली शुल्ट्झ यांच्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळणार हे नक्की असेल किंवा मिळणार नाही हे नक्की असेल, तर वाट बघण्याच्या काळात पेशी शांत राहतात. मिळेल-न मिळेल अशी निम्मी-निम्मी शक्यता असेल तेव्हा मात्र वाट बघताना त्यांचं चेतणं हळूहळू चढत जातं, सर्वांत जास्त. आता एक्सपायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या, दिवशी दुपारी तीन वाजताचा ऑप्शन डोळ्यांपुढे आणा. तोही असाच लटकलेला असतो, शून्य होईल किंवा तिप्पट. एनएससीच्या कागदात हे नाही. आवर्ती ठेवीतही नाही.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येते, कारण तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपण ठेच लागून शिकतो, ते त्या खाली जाण्यामुळे. तोटा झाला की डोपामिन क्षणभर ओसरतं आणि ते ओसरणं मेंदूत नोंदलं जातं: इथे पुन्हा यायचं नाही. मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली पार्किन्सन्सच्या रुग्णांना चिन्हांच्या जोड्यांतून निवड करण्याचा एक साधा खेळ दिला. गोळ्या न घेतलेल्या अवस्थेत रुग्ण चुकांमधून चांगले शिकत होते, बक्षिसांमधून कमी. गोळ्या घेतल्यावर चित्र उलटलं. बक्षिसाचा धडा पक्का बसत होता, चुकीचा बसत नव्हता. तीच माणसं आणि तोच खेळ. फरक फक्त गोळीचा होता.

हे का होतं ते ओढ्याच्या उदाहरणानं सांगते. पाणी ओसरलं की मधला खडक दिसतो आणि आपण पाय जपून टाकतो. वरून धरणाचं पाणी एकसारखं सोडलेलं असेल तर पाणी ओसरतच नाही, खडक दिसत नाही, आणि माणूस त्याच खडकावर रोज आपटतो. तुम्ही ज्या वाढवलेल्या गोळीबद्दल लिहिलंत ती प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल असेल, तर ती नेमकं हेच करते. ही औषधं स्वतः डोपामिन नसतात, डोपामिनच्या जागी जाऊन रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथे बसतं त्या खाचेत, बसतात. पेशींनी “चुकलं” म्हणून डोपामिन कमी केलं तरी रिसेप्टरवर औषध बसलेलंच असतं. ओसरल्याची खबर पुढे जातच नाही.

म्हणून घरातले जेव्हा म्हणतात, “एवढं नुकसान झालं तरी यांना कळत कसं नाही?” तेव्हा त्या ‘कळत नाही’ला शब्दशः अर्थ असतो. कागदावर त्यांना सगळं कळतं. बेरीज-वजाबाकी ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली करतील. ठेच लागते, फक्त तिच्यातून येणारं शहाणपण येत नाही.

तुम्हाला वाटेल की औषध इतकं वाईट असेल तर आम्ही देतो कशाला? कारण त्यानं हातपाय मोकळे होतात, आणि पार्किन्सन्समध्ये ही लहान गोष्ट नाही. या आजारात मध्यमेंदूतल्या एका काळसर पट्ट्यातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. लक्षणं दिसू लागतात तोवर साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त गेलेल्या असतात. पण सगळीकडचं डोपामिन सारखं घटत नाही. हालचाल सांभाळणारा वरचा भाग आधी कोरडा पडतो, इच्छा-प्रेरणा सांभाळणारा खालचा भाग बराच काळ ओला राहतो. शेतीचं उदाहरण घ्या. वरच्या वाफ्याला पाणी पोचत नाही म्हणून पाट मोठा सोडला तर खालचा वाफा, ज्याला पाणी पुरेसं होतं, तो तुंबतो. त्यातून ही औषधं ज्या डी-3 नावाच्या रिसेप्टरला जास्त चिकटतात, ते त्या खालच्या भागातच दाट आहेत. हाताच्या कंपासाठी दिलेली मात्रा इच्छेच्या वाफ्यात जाऊन साचते.

हे किती जणांना होतं? अमेरिका आणि कॅनडातल्या 3,090 रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. या जातीची गोळी घेणाऱ्यांपैकी 17.1 टक्के लोकांत जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं किंवा अनावर लैंगिक वागणं यांपैकी काहीतरी आढळलं, न घेणाऱ्यांत 6.9 टक्के. म्हणजे गोळी घेणाऱ्या बहुसंख्य लोकांना यातलं काही होत नाही. पण साधारण सहा जणांत एकाला होत असेल तर ते दुर्मीळ म्हणता येत नाही. तरुण वयात आजार सुरू झालेले, सिगारेट ओढणारे, घरात जुगाराचा इतिहास असलेले यांना धोका जास्त असतो. सरळमार्गी माणसाला तो नसतोच असं मात्र नाही.

मी स्वतः हे कसं शिकले ते सांगते, कारण त्यातून तुम्हाला डॉक्टरांशी बोलायला बळ मिळेल. पंधराएक वर्षांपूर्वी निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे यायचे. गोळी वाढवली आणि ते छान चालू लागले, छाटणीची कात्री पुन्हा हातात धरू लागले. मी खूश होते. त्यांची बायको दर वेळी दाराशी उभी राहायची, काहीतरी बोलायला बघायची, आणि मी पुढचा नंबर घ्यायचे. वर्षभरानं त्या एकट्याच आल्या. पिशवीतून सोनं गहाण ठेवल्याच्या पावत्या काढून त्यांनी टेबलावर एकाला एक जोडून मांडल्या. टेबल भरलं. नवरा तीन पत्ती आणि आकडा, दोन्हीत गुंतला होता. जन्मात पत्त्यांना हात न लावलेला माणूस. त्या म्हणाल्या, “मला वाटलं आजार बरा झाला म्हणून माजले.” मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. ती चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून ही गोळी लिहून देताना घरच्यांना समोर बसवून मी चार गोष्टी सांगते: पैसा, खरेदी, खाणं आणि लैंगिक इच्छा, यांत काही बदल दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

दुसरे एक निवृत्त शिक्षक आठवतात. ते सट्ट्याची वही ठेवायचे, व्यवस्थित रकाने आखून. त्यांनी ती माझ्याकडे दिली तेव्हा मी आधी अक्षर बघितलं. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं, ओळीच्या शेवटी मुंग्यांसारखं होतं. त्या वहीतही काही पानांवर ते तसंच होतं आणि काही पानांवर मोठं, सुटं, टपोरं. वेळा लिहिलेल्या होत्या, म्हणून जुळवून बघता आलं. टपोरं अक्षर गोळी चढल्यानंतरच्या तासा-दोन तासांतलं. मोठ्या रकमांचे सौदेही बरेचसे त्याच पानांवर. आणि जवळजवळ प्रत्येक तोट्यापुढे एकच शेरा: “थोडक्यात हुकलं.” थोडक्यात हुकण्यालाही मेंदू फसतो. 2009 मधल्या एका प्रयोगात लोकांना चक्र फिरवण्याचा जुगार देऊन मेंदूचं स्कॅनिंग केलं, तेव्हा अगदी एका घरानं हुकलं की जिंकल्यावर चेततात त्यांतलेच भाग चेतताना दिसले. हे गोळी न घेणाऱ्या तुमच्या-आमच्या मेंदूतही होतं. गोळी ते भडकवते.

आता तुमचे प्रश्न. रक्तातलं डोपामिन तपासून काही कळणार नाही. रक्त आणि मेंदू यांच्यात एक गाळणी असते, डोपामिन ती ओलांडत नाही. रक्तातला आकडा काहीही आला तरी मेंदूत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. असे पॅकेज कोणी विकत असेल तर पैसे वाचवा. ही गाळणी आहे म्हणूनच पार्किन्सन्समध्ये डोपामिन न देता लेव्होडोपा द्यावं लागतं. ते गाळणी ओलांडतं आणि आत जाऊन डोपामिन बनतं.

यामागे एक इतिहास आहे आणि तो आपल्या जवळचा आहे म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो यावर लेख लिहिला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातून रेसरपिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 साली ते सशांना दिलं. ससे कान पाडून निपचित झाले, कारण मेंदूतलं डोपामिन संपलं होतं. मग त्यांनी लेव्होडोपा टोचलं आणि ससे उठून चालू लागले. डोपामिनला स्वतःचं काम आहे हे तिथून कळलं, पार्किन्सन्सचा इलाज तिथून निघाला, आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळालं. आपल्याकडची दुसरी वनस्पती म्हणजे खाजकुइली. तिच्या बियांत, ज्यांना आपण कवचबीज म्हणतो, खरंखुरं लेव्होडोपा असतं. म्हणून सासरे गोळ्यांसोबत कवचबीजाचं चूर्ण घेत असतील तर ते डॉक्टरांना सांगा. ‘आयुर्वेदिक आहे, त्यात काय’ असं म्हणून हे लपवलं जातं आणि डोस नकळत वाढत राहतो.

डिटॉक्सबद्दल. मोबाइल दूर ठेवल्यानं डोपामिन कमी होत नाही, जसं दुकान बंद केल्यानं भूक कमी होत नाही. संधी कमी होते, आणि नादात संधी कमी करण्याला किंमत आहे, त्यामुळे तो उपाय मी निरुपयोगी म्हणणार नाही. पण कारण गोळीत असेल तर एक वाट बंद केली की ओढ दुसरी वाट शोधते. एका घरी मोबाइल काढून घेतला तर आजोबा रोज सकाळी लॉटरीच्या दुकानात जाऊ लागले. दुसऱ्या घरी रात्री दोनला उठून डब्यातले लाडू संपवू लागले. एकांनी घरातला मिक्सर चार वेळा खोलला आणि जोडला. यातलं काही तुमच्याकडेही दिसत असेल तर लिहून ठेवा.

डोपामिनवरच सगळं ढकलणंही चूक आहे, हेही सांगते. धोका पत्करायचा की नाही यात मेंदूतले बरेच जण हात घालतात. सेरोटोनिन नावाचं रसायन थांबून वाट बघायला मदत करतं. नॉरअॅड्रिनॅलिन हे दुसरं रसायन सावध करतं. कपाळामागचा मेंदू “हे मागच्या महिन्यातही केलं होतंस” म्हणून आठवण देतो. ताणाचं कॉर्टिसोलही असतं. 2008 साली लंडनच्या 17 सौदेबाजांची लाळ तपासली तेव्हा बाजार जितका अस्थिर तितकं कॉर्टिसोल चढलेलं आढळलं. तुमच्या सासऱ्यांची झोप मोडलेली आहे, पैसे गेल्याची टोचणी आहे, घरात अबोला आहे. गोळी बाजूला ठेवली तरी अशा माणसानं चांगले निर्णय घेणं कठीण.

आणि बाजार स्वतःच कसा आहे ते बघा. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं 2024 च्या सप्टेंबरमध्ये दिलेल्या अभ्यासात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) खेळणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला होता, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्या एक कोटीहून अधिक लोकांना काही पार्किन्सन्स नव्हता. म्हणून मी गोळीला एकटीला दोषी धरत नाही. ज्या खेळात बहुतेक जण हरतात, त्या खेळात ठेच न जाणवणारा माणूस उतरला, असं हे आहे.

माझा अंदाज कुठे चुकू शकतो तेही बघा. वाढवलेली गोळी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल नसून लेव्होडोपाच असेल तर हा धोका कमी असतो, पण शून्य नाही. काही रुग्ण स्वतःच्या मनानं लेव्होडोपाच्या जास्तीच्या गोळ्या घेऊ लागतात, तेव्हा हेच चित्र दिसतं, म्हणून पट्टीतल्या गोळ्या आणि तारखा यांचा हिशेब घाला. सट्टा गोळी वाढवण्याच्या आधीपासून असेल तर वेगळा विचार करावा लागेल. बोलण्यातला संकोच गेलाय, माणसांबद्दलची माया आटलीय, कपड्यांची शुद्ध राहत नाही असंही काही असेल तर मेंदूच्या पुढच्या भागाचा ऱ्हास होतोय का ते तपासावं लागतं. तरुणपणी कधी आठ-पंधरा दिवस झोपेविना, अफाट उत्साहात गेले असतील तर मनोविकारतज्ज्ञांचं मत हवं. यातलं काहीच नसेल आणि वाढवलेली गोळी, मग काही महिन्यांनी सुरू झालेला नाद हा क्रम जुळत असेल, तर संशयाला जागा फार कमी उरते. तुमच्या लिहिण्यात तो क्रम जुळतोय.

डॉक्टर बहुधा काय करतील? ती गोळी आठवड्या-आठवड्यानं उतरवतील आणि हालचालीसाठी लेव्होडोपा थोडं वाढवतील. बहुतेकांचा नाद काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. पण काही प्रमाणात ताठरपणा परत येऊ शकतो, आणि गोळी उतरताना काहींना घबराट, घाम, उदासी, अंगदुखी होते, इतकी की ते गोळी परत मागतात. या काळात घरच्यांनी सोबत राहायला हवं, कारण आधीच पैसे गेल्याचं दुःख असतं आणि त्यात हे. फार निराश बोलू लागले, जगण्यात अर्थ नाही असं म्हणाले तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर आहे, मराठीत बोलता येतं.

पैशाची व्यवस्था डॉक्टरांच्या तारखेची वाट न बघता करा. ब्रोकरकडे अर्ज देऊन त्यांच्या खात्याचा एफ अँड ओ विभाग बंद करता येतो. पेन्शनच्या खात्याची रोजची ऑनलाइन मर्यादा अगदी खाली आणता येते. मोबाइलमध्ये कर्ज देणारी अॅप्स आहेत का ते बघा, कारण काही घरांत गेलेल्या पैशापेक्षा काढलेलं कर्ज जास्त निघतं. हे सगळं शक्यतो त्यांच्या सहीनं, त्यांना सांगून करा. मागच्या दारानं केलं तर ते मागच्या दारानंच मोडलं जातं.

त्यांच्याशी बोलणार कोण, हेही ठरवा. सुनेनं सासऱ्यांना पैशाचं विचारणं आपल्या घरांत किती अवघड असतं ते मी जाणते, आणि त्या चार गोष्टींतली चौथी गोष्ट, लैंगिक इच्छेची, तर तुम्ही विचारूच नका. ती तुमच्या मिस्टरांनी किंवा सासूबाईंनी विचारावी, किंवा डॉक्टरांवर सोडावी. मी रुग्णाला एकटं बसवून म्हणते, “काका, ही गोळी काही लोकांना पैशाचा, खाण्याचा, बाईचा नाद लावते. तुम्हाला लावला का?” प्रश्न असा गोळीकडून विचारला की बहुतेक जण खाली बघतात आणि मग बोलू लागतात. बरेच जण रडतात. एकदा एका काकांनी मला थांबवलं, म्हणाले, “गोळीवर कशाला ढकलता, सह्या माझ्याच आहेत.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच ब्रोकरला पत्र लिहिलं, बारीक अक्षरात, दोनदा खाडाखोड करून. घरातल्या ‘म्हातारचळ’ या शब्दापेक्षा त्या काकांचं वाक्य मला जास्त खरं वाटतं. तो शब्द तेवढा घरात बंद करा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकमेकांशी बोलतात. सासूबाईंना तिथे दुसरी एखादी सासूबाई भेटली तर माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी. बँकेचं दोन वर्षांचं स्टेटमेंट. आणि एका कागदावर दोन तारखा: गोळी कधी वाढवली आणि पहिला सौदा कधी झाला. दुसरी तारीख ब्रोकरच्या अॅपमध्ये सापडेल. तेवढा कागद डॉक्टरांच्या हातात आधी द्या, बाकीचं बोलणं नंतर.